परीक्षकाशिवाय दुसरा वाचक

पदवीच्या शेवटच्या वर्षाला मुलं जो प्रोजेक्ट लिहितात तो बहुतेक वेळा एकच माणूस वाचतो, आणि ते वाचणं हे त्या माणसाचं कामच असतं. फार तर दोघं वाचतात. मार्क पडतात, फाइल कपाटात किंवा कुठल्यातरी सर्व्हरवर जाऊन बसते, आणि महिनोन्‌महिने दप्तरं चाळून, लोकांशी बोलून, रात्री जागून केलेलं सगळं तिथंच थांबतं. इतिहास, साहित्य, समाजशास्त्र, राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान, कुठलाही विषय घ्या, हेच. मी बरीच वर्षं विद्यार्थ्यांच्या एका जर्नलच्या संपादनात आहे आणि दिवसेंदिवस माझं मत पक्कं होत चाललंय की पदवीच्या मुलांचं संशोधन छापलं पाहिजे. सीव्हीवर एक ओळ वाढते, पुढच्या अ‍ॅडमिशनला उपयोग होतो, हे सगळं ठीक आहे. पण मला त्यातलं मोठं वाटतं ते हे, की छापायचं म्हटलं की त्या मुलासमोर आयुष्यात पहिल्यांदा असा वाचक उभा राहतो ज्याला ते वाचायची काहीही सक्ती नाहीये.

परीक्षकासाठी लिहिताना मुलं आपण किती वाचलंय हे दाखवत लिहितात, आणि त्यात त्यांचा दोष नाही, मार्क त्याचेच असतात. म्हणून पहिली सहा-सात पानं थिअरी, अमुक विचारवंत काय म्हणाले, त्यांना तमुकांनी काय उत्तर दिलं, मग पद्धतीवर दोन पानं, आणि मग कुठेतरी चौदाव्या पानावर त्या मुलानं स्वतः शोधून काढलेली गोष्ट येते, तीही परवानगी मागितल्यासारखी, दबक्या आवाजात. आमच्याकडे एका मुलीनं बंद पडलेल्या एका वर्तमानपत्रातल्या वाचकांच्या पत्रांवर पेपर पाठवला होता. पहिला एक तृतीयांश भाग हाबरमास, म्हणजे सार्वजनिक चर्चेवर लिहिणारा जर्मन विचारवंत. सार्वजनिक चर्चेचं क्षेत्र म्हणजे काय, त्यावर स्त्रीवादी अभ्यासकांनी काय टीका केली, सगळं व्यवस्थित मांडलेलं. पण खरा ऐवज पुढे होता. तेच तेच पत्रलेखक वर्षानुवर्षं एकमेकांना उत्तरं देत होते, वरवर पत्र संपादकाला लिहिलेलं पण आतून आपसातला जुना वाद, आणि हे तिनं नावं जुळवून, तारखा लावून दाखवलं होतं. रिव्ह्यू करणाऱ्या दोघांनी एकमेकांशी न बोलता एकच लिहून पाठवलं, की हे सुरुवातीला आणा. तिनं आणलं. हाबरमास दीड परिच्छेदावर आला, आणि तो दीड परिच्छेद आधीच्या सहा पानांपेक्षा नेमका झाला, कारण आता थिअरी आपल्याला कशासाठी हवीय हे तिला कळलं होतं.

तर दुसरा मसुदा. माझ्यासाठी सगळं इथं येऊन थांबतं. सेमिस्टर संपलं, मार्क लागले, की तो निबंध पुन्हा उघडायला जगात एकही कारण उरत नाही, आणि लिहिणं तर पुन्हा उघडण्यातच शिकता येतं. शिक्षकानं कितीही चांगले शेरे लिहिले तरी ते मार्कांच्या सोबत येतात, मुलं मार्क बघतात आणि शेरे राहून जातात, मी पण विद्यार्थिनी असताना तसंच करायचे, सगळेच करतात. जर्नलकडून आलेले शेरे वेगळे वाचले जातात कारण त्यावर पुढे काहीतरी अवलंबून आहे. आणि ते शेरे कोणातरी अनोळखी माणसानं लिहिलेले असतात, ज्याला लेखकाचं नाव माहीत नाही, वर्गात तो कुठे बसतो माहीत नाही, समोर फक्त कागद आहे.

विज्ञानात हे कसं चालतं ते बघितलं की मानव्यविद्या आणि समाजशास्त्रांची अडचण नीट कळते. पदवीच्या मुलांना संशोधनात घ्यायची मोठी संस्थात्मक सुरुवात म्हणून नेहमी एमआयटीचं नाव येतं, तिथं मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ साली पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी संशोधनसंधीचा कार्यक्रम सुरू केला. अमेरिकेतली कौन्सिल ऑन अंडरग्रॅज्युएट रिसर्च १९७८ साली निघाली ती रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी काढली. म्हणजे हे सगळं मॉडेलच लॅबमधून आलंय. लॅबमध्ये मूल एका चालू कामात शिरतं, प्राध्यापकाच्या प्रश्नाचा एक तुकडा उचलतं, आणि पेपर निघाला की त्याचं नाव चौथं-पाचवं लागतं, त्यात प्राध्यापकाचंही काम पुढे सरकतं त्यामुळे त्याला शिकवण्यात रस असतो. आपल्याकडे, म्हणजे इतिहास-साहित्य-समाजशास्त्रात, असं नाहीये. बहुतेक लिखाण एकट्याचं असतं. मुलीनं निवडलेला विषय मॅडमच्या विषयाच्या जवळपासही नसतो, मॅडमनी तीन मसुदे वाचले तरी त्यांच्या स्वतःच्या पुस्तकाचं एक पान पुढे सरकत नाही, आणि प्रमोशनच्या फॉर्मवर त्या वाचनासाठी बहुतेक ठिकाणी रकानासुद्धा नसतो. तरीही लोक करतात. त्यांच्या जिवावर हे चाललंय आणि ते मोजलं गेलं पाहिजे असं मला अगदी मनापासून वाटतं.

१९९८ साली अमेरिकेत बॉयर कमिशनचा रिपोर्ट आला, त्यात स्पष्ट म्हटलं होतं की संशोधन करत शिकणं ही पदवीशिक्षणाची नेहमीची पद्धत व्हायला हवी, निवडक हुशार मुलांसाठीची सोय म्हणून नको. त्यानंतर आपल्या विषयांसाठी जागा हळूहळू तयार झाल्या. यंग स्कॉलर्स इन रायटिंग हे जर्नल २००३ साली सुरू झालं, लेखनशास्त्र आणि वक्तृत्वशास्त्रातलं फक्त पदवीच्या मुलांचं संशोधन छापायला. इंग्लंडमध्ये वॉरिक आणि ऑक्सफर्ड ब्रुक्स या दोन विद्यापीठांनी मिळून २००७ साली रीइन्व्हेन्शन काढलं, ते सगळ्या विषयांचं घेतं आणि रीतसर पिअर रिव्ह्यू करतं, म्हणजे छापण्याआधी लेख त्या विषयाच्या जाणकारांकडून तपासून घेतं. २०११ साली ब्रिटिश कॉन्फरन्स ऑफ अंडरग्रॅज्युएट रिसर्च सुरू झाली. आता तर कित्येक विद्यापीठांत एकेका विभागाचं स्वतःचं जर्नल असतं.

याआधी काय व्हायचं? टी. ई. लॉरेन्स, तोच अरेबियावाला, पुढे पहिल्या महायुद्धातल्या अरब बंडामुळे गाजलेला, १९०९ च्या उन्हाळ्यात सीरियाच्या भागात शेकडो मैल पायी फिरला, क्रुसेडच्या, म्हणजे मध्ययुगातल्या ख्रिस्ती धर्मयुद्धांच्या काळातले किल्ले बघत, आराखडे काढत, फोटो घेत, आणि त्यावरचा त्याचा प्रबंध १९१० साली ऑक्सफर्डला गेला. पदवीचाच प्रबंध. पहिला वर्ग मिळाला. तो पुस्तक म्हणून छापून आला १९३६ साली, म्हणजे तो वारल्यानंतरच्या वर्षी, मधे २६ वर्षं गेली. आणि छापला गेला तोही लॉरेन्स जगप्रसिद्ध झाला होता म्हणून. दुसरीकडे जॉन केनेडी. हार्वर्डच्या शेवटच्या वर्षाला त्यानं हिटलरशी झालेला म्युनिक करार आणि ब्रिटनच्या धोरणावर थिसिस लिहिला, आणि त्याच वर्षी, १९४० साली, त्याचं पुस्तक बाजारात होतं, खूप खपलं. वडील ब्रिटनमध्ये अमेरिकेचे राजदूत, घरोब्यातला नामवंत पत्रकार मदतीला, आणि टाइम मासिकाच्या मालकाची प्रस्तावना. दोन्ही उदाहरणं मला एकत्रच आठवतात, कारण त्यातून दिसतं की चांगलं काम केल्यावर ते वाचलं जाणं हे कोणाशी ओळख आहे किंवा पुढे तुम्ही कोण होता यावर ठरत होतं. ज्या मुलाच्या घरात कोणी कॉलेजच बघितलेलं नाही त्याला प्रस्तावना कोण लिहून देणार? खुली हाक देणारं, नाव झाकून वाचणारं विद्यार्थी जर्नल हे त्याचं उत्तर आहे, निदान काही अंशी.

(मोठ्या जर्नलमध्ये थेट जाणारी मुलंही असतात. सोल क्रिप्की या तत्त्वज्ञाचा मोडल लॉजिकवरचा, म्हणजे 'शक्य' आणि 'अनिवार्य' यांच्या तर्कशास्त्रावरचा पेपर १९५९ साली जर्नल ऑफ सिम्बॉलिक लॉजिकमध्ये आला तेव्हा तो १८ वर्षांचा होता. आणि २०२३ साली ज्वालामुखीत गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम या प्राचीन रोमन गावातल्या, जळून कोळसा झालेल्या कागदी गुंडाळीत, न उलगडता, पहिला अख्खा शब्द सापडला तो नेब्रास्का-लिंकन विद्यापीठातल्या ल्यूक फॅरिटर या पदवीच्या विद्यार्थ्याला, शिकत होता कॉम्प्युटर सायन्स, पण मिळालं ते ग्रीक हस्तलिखितांच्या अभ्यासकांना. अशी मुलं फार थोडी. त्यांच्याकडे बघून व्यवस्था उभी करायची नसते.)

विषय निवडण्याबद्दल मी मुलांना एकच सांगते, छोटा घ्या. 'स्थलांतर आणि अस्मिता' नको, एका कुटुंबाची दहा वर्षांची पत्रं घ्या. 'सोशल मीडिया आणि लोकशाही' नको, एका निवडणुकीत एका उमेदवाराच्या पोस्ट घ्या आणि सगळ्या वाचा, खरोखर सगळ्या. पदवीच्या मुलाला पाचशे पुस्तकं वाचायला वेळ नसतो पण कोणी न बघितलेली एक पेटी नीट बघायला वेळ असतो, आणि कित्येकदा अशी पेटी त्याच्याच हाताशी असते, घरात, एखाद्या क्लबच्या दप्तरात, आजोबांच्या युनियनच्या कागदांत, आणि दुसऱ्या कुठल्या प्राध्यापकाला ती कधीच दिसणार नसते. छोट्या विषयावरचे पेपरच पुढे कोणीतरी वापरतं असा माझा अनुभव आहे, कारण त्यातली माहिती दुसरीकडे कुठेच नसते.

आता जो भाग सगळ्यात जास्त अडतो आणि ज्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. मुलाखती. समाजशास्त्राच्या कोर्ससाठी मुलगी पाच जणांशी बोलते, रेकॉर्ड करते, निबंध लिहिते, तो उत्तम होतो, मॅडम म्हणतात अगं हे पाठव ना जर्नलला. आणि मग कळतं की त्या पाच जणांना 'हे फक्त कॉलेजच्या कामासाठी आहे' असं सांगितलं होतं. संपलं. वर्गासाठी दिलेली संमती ही छापण्यासाठीची संमती नसते, आणि ती ओढूनताणून तशी करूही नये. बऱ्याच देशांत माणसांवरच्या संशोधनाला एथिक्स कमिटीची मंजुरी लागते, आणि ती आधी घ्यावी लागते, काम झाल्यावर मागच्या तारखेनं सहसा कोणी देत नाही. अमेरिकेत तर नियमच असा आहे की सर्वांना लागू पडेल असं ज्ञान मिळवण्याच्या हेतूनं केलेली पद्धतशीर चौकशी म्हणजे संशोधन, त्यामुळे निव्वळ वर्गातला सराव त्यात येत नाही, आणि २०१८ च्या सुधारणेनंतर मौखिक इतिहास, पत्रकारिता, चरित्र असलं कामही त्या व्याख्येच्या बाहेर ठेवलंय. पण नियमाबाहेर आहे म्हणजे जबाबदारी नाही असं होत नाही. माणसांवरच्या संशोधनाच्या नीतीबद्दलच्या १९७९ च्या अमेरिकन बेलमाँट रिपोर्टनं तीन गोष्टी सांगितल्या, माणसांचा आदर, त्यांचं भलं बघणं, न्याय, आणि विसाव्या वर्षी मुलाखत घ्यायला बसलेल्या मुलाला त्या तिन्ही समजतात, कोणी सांगितल्या तर. म्हणून माझी सगळ्या शिक्षकांना विनंती आहे की सेमिस्टरच्या पहिल्याच आठवड्यात विचारा, यातलं काही पुढे छापावंसं वाटेल का? थोडी जरी शक्यता असली तरी मंजुरीचं तेव्हाच बघा आणि संमतीच्या फॉर्मवर तसं लिहा.

आणि नाव बदललं की झालं, असंही नसतं. एखाद्या छोट्या संस्थेतली एकमेव महिला ड्रायव्हर, तिचं नाव तुम्ही काहीही ठेवा, तिथल्या प्रत्येकाला कळतं ती कोण. स्वतःच्या घरच्यांवर लिहिणाऱ्या मुलांचं तर आणखी अवघड असतं. आजीनं नातवाला सांगितलेली गोष्ट आजीनं जगाला सांगितलेली नसते. आणि लेखकाचं स्वतःचं काय, तेही बघावं लागतं. घरातल्या हिंसेवर, स्वतःच्या आजारपणावर फार ताकदीनं लिहिणारी मुलं असतात, पण नाव सर्च केलं की तो पेपर दहा वर्षांनी पण वर येणार आहे, नोकरी देणाऱ्यालाही दिसणार आहे. आम्ही अशा वेळी थांबून बोलतो, टोपणनाव चालेल का, एक वर्ष थांबायचंय का, की पूर्ण विचार करून हेच हवंय. निर्णय त्यांचाच. फक्त निर्णय झाला पाहिजे, नुसतं होऊन जाता कामा नये.

फोटोंचंही असंच, अर्काइव्हनं कागद बघायला दिला म्हणजे त्याचा फोटो छापायला दिला असं नाही, ती परवानगी वेगळी मागायची आणि लेखी ठेवायची.

लेखक म्हणून नाव कोणाचं लागतं हा मुद्दा मला टाळायचा नाहीये. एकट्या विद्यार्थ्यानं शोधलेलं, लिहिलेलं काम आणि त्यावर शिक्षकाचं नाव, कधीकधी चक्क पहिलं. मार्गदर्शन केलं म्हणून. मार्गदर्शन हे शिक्षकाचं काम आहे आणि त्यासाठी आभाराची ओळ असते, ती मोठ्या मनानं लिहावी, पण लेखक तोच ज्यानं ते लिहिलं आणि जो त्यातल्या प्रत्येक वाक्याला उत्तर देऊ शकतो. खरोखर दोघांनी मिळून केलं असेल तर दोन नावं लावा, कोणी काय केलं ते खाली दोन ओळींत लिहा. विद्यार्थी हे बोलू शकत नाही कारण शिफारसपत्र त्याच शिक्षकाकडून हवं असतं, म्हणून ते जर्नलनं विचारायला पाहिजे.

आता पैसे मागणारी जर्नलं. पोरांना ईमेल येतात, आपला मौलिक लेख आमच्या आंतरराष्ट्रीय जर्नलसाठी निवडला आहे, चार दिवसांत छापू, एवढी फी भरा. चार दिवसांत कोणीही काहीही वाचलेलं नसतं. जेफ्री बील या ग्रंथपालानं अशा प्रकाशकांची यादी केली होती, ती जानेवारी २०१७ मध्ये काढून टाकली गेली, पण थिंक चेक सबमिट नावाची मोफत प्रश्नावली २०१५ पासून आहे, ती उघडून प्रश्न एकेक करून स्वतःला विचारावेत, आणि डीओएजे या मोफत वाचता येणाऱ्या जर्नलांच्या सूचीत जर्नल आहे का ते बघावं. मानव्यविद्यांतली बहुतेक चांगली जर्नलं लेखकाकडून पैसे घेतच नाहीत, विद्यार्थ्यांची तर सहसा नाहीच. ज्या पेपरला कोणी वाचलंच नाही तो छापून आल्यावर मुलाला आनंद होतो, मी तो आनंद बघितलाय आणि मला खूप वाईट वाटतं, कारण त्याच्याकडून दुसरा मसुदा हिरावून घेतलेला असतो.

रिव्ह्यू कोण करतं? आमच्याकडे एक शिक्षक आणि एक विद्यार्थी, दोघांना लेखकाचं नाव माहीत नसतं. विद्यार्थी रिव्ह्यूअर घ्यावा का यावर दरवर्षी वाद होतो आणि मी दरवर्षी त्या बाजूनं बोलते. शिक्षक चूक लवकर पकडतात, हा संदर्भ जुना, ही आवृत्ती चुकीची. पण 'मला इथं समजलं नाही' हे प्रामाणिकपणे विद्यार्थीच लिहितो, शिक्षकाला आधीच माहीत असल्यामुळे मधली गाळलेली पायरी त्याला दिसतच नाही. आणि दुसऱ्याचा पेपर वाचणारी मुलं स्वतः वेगळं लिहायला लागतात. फक्त त्यांना रिव्ह्यू लिहायला शिकवावं लागतं, सुरुवातीला ती एक तर फार गोड लिहितात नाहीतर फार कडक. आम्ही सांगतो, आधी दोन वाक्यांत लिहा की हा पेपर काय म्हणतोय, ते जमलं तर पुढचं जमतं. आणि ते चुकलं तर लेखकालाही कळतं की आपला मुद्दा पोचलेला नाहीये. हल्ली मशीननं लिहिलेला मजकूर येतो, गुळगुळीत, आणि त्यात अस्तित्वात नसलेली पुस्तकं संदर्भ म्हणून असतात, त्यामुळे आता प्रत्येक संदर्भ उघडून बघतो आणि लेखकाकडून त्याच्या कच्च्या नोंदीही मागतो. ज्यानं काम केलंय त्याच्याकडे त्या असतातच, उलट दाखवायला आवडतात.

विद्यार्थ्यांच्या जर्नलचा खरा शत्रू म्हणजे पदवीदान समारंभ. संपादक पास होऊन जातात. पासवर्ड एकाच्या लॅपटॉपवर, डोमेनची फी दुसऱ्यानं भरलेली, दोन अंक दणक्यात निघतात, तिसरा रखडतो, मग वेबसाइट उघडत नाही आणि चाळीस मुलांच्या सीव्हीवरच्या लिंका मेलेल्या. म्हणून सुरुवातीलाच लायब्ररीला धरा. लायब्ररी कुठे जात नाही. ओपन जर्नल सिस्टिम्स हे सॉफ्टवेअर मोफत आहे, जॉन विलिन्स्की यांनी १९९८ साली सुरू केलेल्या पब्लिक नॉलेज प्रोजेक्टमधून आलेलं, आणि ते वापरणाऱ्या जर्नलांचे अंक विनामूल्य जतन करायची सोयही त्याच प्रोजेक्टकडे आहे. आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळखक्रमांक, घ्या. अंकांच्या प्रती संस्थेच्या रिपॉझिटरीत, म्हणजे डिजिटल संग्रहात टाका. निदान एक संपादक दरवर्षी खालच्या वर्गातला घ्या म्हणजे तो पुढच्या वर्षी असेल. आणि लेखकांकडून कॉलेजच्या ईमेलबरोबर स्वतःचा कायमचा ईमेल मागून ठेवा, कारण रिव्ह्यू यायला महिने लागतात आणि तोपर्यंत कॉलेजचा पत्ता बंद झालेला असतो, शेरे कुठेतरी हवेत जातात. ऑर्किड नंबर, म्हणजे संशोधकाचा कायमचा ओळखक्रमांक, काढायला सांगा, २०१२ पासून फुकट मिळतो, पुढे लग्नानं किंवा आणखी कशानं नाव बदललं तरी काम त्या माणसाच्याच नावावर राहतं.

नाकारलेल्या पेपरांबद्दल. आमच्याकडे आलेले बरेचसे पेपर आम्ही छापू शकत नाही, आणि त्या प्रत्येकाला आम्ही पूर्ण शेरे पाठवतो, कारणासकट. यात खूप वेळ जातो आणि संपादक मंडळात नवीन येणारी मुलं विचारतातच की जे छापायचं नाही त्यावर एवढा वेळ का घालवायचा. मी त्यांना जुनी फाइल उघडून दाखवते, त्यात नाकारलेल्या लेखकांची उत्तरं आहेत, एकानं तोच पेपर अर्धा करून दुसरीकडे पाठवला, एकीनं म्हटलं की पुन्हा नाही पाठवणार पण तुम्ही पान नऊवर जे विचारलंत त्याचं उत्तर शोधायला मी परत त्या अर्काइव्हमध्ये गेले होते. मग ती मुलं काही न बोलता पुढचा पेपर उघडतात.